बफरात अडकलेला ‘क्यू’

पडद्यावर ‘संख्या टाका’ असं येतं. विद्यार्थी 5 टाकतो, मग 12 टाकतो, बेरीज अचूक येते. तेवढ्यात चुकून बोट ‘क्यू’वर पडतं आणि एंटर दाबताच पडदा धावत सुटतो. ‘संख्या टाका, संख्या टाका, संख्या टाका...’ कळफलकाला कुणी हातही लावत नसतं, तरी लूप थांबत नाही. सी भाषा शिकणाऱ्या बहुतेकांची या धावत्या पडद्याशी कधी ना कधी गाठ पडते.

कारण कळफलक आणि प्रोग्राम यांच्या मधल्या जागेत आहे. कळ दाबली की अक्षर लगेच प्रोग्रामच्या हाती पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम आधी अख्खी ओळ जमवते. म्हणून तर एंटरपूर्वी बॅकस्पेसने चूक खोडता येते. एंटर दाबल्यावर ती ओळ, नव्या ओळीच्या खुणेसकट, प्रोग्रामला मिळते आणि बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात थांबते. संख्येसाठी ‘पर्सेंट डी’ दिलेलं स्कॅनएफ हे वाचणारं फंक्शन तिथे अंक शोधतं. समोर ‘क्यू’ दिसला, तर त्याला तिथेच ठेवून परत फिरतं. पुढच्या फेरीत पुन्हा तोच ‘क्यू’. वाचायला बफरमध्ये अक्षर आहेच, मग कळफलकाची वाट कशाला पाहायची?

संख्येनंतर ‘पुढे जायचं का?’ असं एका अक्षरात विचारलं, तर उत्तर न घेताच प्रोग्राम पुढे सरकतो, तेही यामुळेच. मागे उरलेली एंटरची खूण हेच त्याला उत्तर वाटतं. अक्षर वाचणाऱ्या ‘पर्सेंट सी’च्या आधी एक मोकळी जागा सोडली की ती खूण गिळली जाते.

स्कॅनएफ अपयश लपवत नाही. किती मूल्यं वाचली तो आकडा ते परत देतं: एक संख्या मागितली आणि मिळाली तर 1, ‘क्यू’ आडवा आला तर 0, इनपुट संपलं तर ईओएफ. लूपची अट या आकड्यावरच हवी. 0 आला तर उरलेली ओळ एकेक अक्षर घेणाऱ्या गेटचारने वाचून टाकायची, ईओएफ आला तर थांबायचं.

गेटचारचं उत्तरही ‘कॅर’ या प्रकारात नव्हे, ‘इंट’मध्येच ठेवावं लागतं. एका बाइटची 256 मूल्यं आणि त्यांपलीकडचं ईओएफ, एवढं ‘कॅर’मध्ये मावत नाही. ‘कॅर’ चिन्हरहित असेल, तर बहुतेक ठिकाणी -1 असलेलं ईओएफ त्यात 255 होऊन बसतं आणि लूप कधीच संपत नाही.

वाचनातला निष्काळजीपणा किती महाग पडतो, ते 2 नोव्हेंबर 1988 रोजी दिसलं. मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरच्या हजारो संगणकांना ग्रासलं. त्याची एक वाट होती ओळ वाचणारं ‘गेट्स’ हे फंक्शन. 512 बाइटच्या जागेत त्याहून लांब ओळ आली, तरी ते लिहीतच राहिलं. 2011 च्या सी मानकातून ‘गेट्स’ काढून टाकलं गेलं.

त्याजागी एफगेट्स आहे. त्याला जागेची मर्यादा सांगता येते. ओळ आधी एफगेट्सने घ्यावी, मग स्ट्रटोलने तिच्यातली संख्या काढावी. शिक्षकांनी ही जोडी पहिल्या लूपबरोबरच शिकवावी.