जिवंत मालाची पाटी

वजन, माप, प्रत आणि भाव या चार गोष्टी खऱ्या असल्या म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, असे आपण व्यापारी मानतो. परंतु विक्रीस मांडलेला माल स्वतःच श्वास घेणारा आणि भुकेने ओरडणारा असेल, तर एवढ्याने भागते काय? ज्या व्यापारात हा प्रश्न अगदी उघडा पडला आहे, अशा एका परदेशी व्यापाराची हकीकत आम्ही येथे देत आहोत. पंचेंद्रिय जीवांचा व्यापार श्रावकास वर्ज्य आहे, हे खरे. तथापि तो आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही, हे पुढे दिसून येईल.

अमेरिकेतील लहान गावांतून शेतीचे सामान विकणारी मोठी दुकाने असतात. खिळे, कुंपणाची तार, बी-बियाणे, जनावरांचे खाद्य असा सर्व माल तेथे मिळतो. वसंत ऋतू आला की त्याच दुकानांत पत्र्याच्या रुंद टोपांतून कोंबडीची एक-दोन दिवसांची पिल्ले विक्रीस येतात. प्रत्येक टोपावर पाटी असते. काहींवर 'तलंगा' म्हणजे निवडलेली मादी पिल्ले असे लिहिलेले असते. काहींवर 'सरमिसळ' म्हणजे अंड्यांतून जशी निघाली तशी, न निवडलेली. गिऱ्हाइकास अंडी हवी असतात, शिवाय अनेक नगरांत कोंबडा पाळण्यास मनाई असते. म्हणून तलंगांचा भाव चढा.

ही पिल्ले दुकानांपर्यंत बहुधा टपालाने येतात. अमेरिकन टपाल खाते १९१८पासून एक दिवसाची पिल्ले स्वीकारीत आले आहे. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर सुमारे ७२ तास दाणापाण्यावाचून तग धरते. निसर्गाने ही सोय आईच्या पंखाखालील पहिल्या दिवसांसाठी केली. व्यापाराने तिचा वाहतुकीसाठी हिशेब मांडला. हिशेब चुकला म्हणजे काय होते, ते २०२५च्या वसंतात डेलावेअर राज्यात दिसले. टपालाच्या गाडीत सुमारे १२,००० पिल्ले तीन दिवस अडकून पडली आणि त्यांतील सुमारे ४,००० मरण पावली.

पिल्ले पोहोचल्यावर त्यांचे जगणे दुकानदाराच्या दक्षतेवर अवलंबून असते. पहिल्या आठवड्यात त्यांस ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवावयाची. पिल्ले दिव्याखाली एकमेकांस चिकटून ओरडू लागली तर ती गारठली आहेत, आणि दिव्यापासून दूर पसरून चोच वासून बसली तर त्यांस उष्मा झाला आहे, असे जाणत्याने समजावे. पाणी उथळ भांड्यात ठेवावे, नाहीतर ती त्यातच बुडतात. खाली गुळगुळीत कागद नसावा, कारण त्यावर पाय फाकून कायमचे अधू होतात. लाकडाचा कीस बरा. प्रवासाच्या शिणाने शेपटाखाली विष्ठा चिकटून द्वार बुजते. ती कोमट पाण्याने हलक्या हाताने न काढल्यास पिल्लू दगावते. ही सारी कामे दोन पैशांच्या खर्चाची, परंतु घटकाघटकेच्या लक्षाची आहेत.

आता निवडीची गोष्ट. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखावी कशी, हे कोडे जपानमध्ये सुटले. कियोशी मासुई आदी संशोधकांनी दाखवून दिले की, शेपटाखालील द्वार हळूच उघडले असता आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो आणि त्याच्या आकारावरून नर कळतो. त्यांचा ग्रंथ १९३३ साली इंग्रजीत आला आणि जपानी परीक्षकांस देशोदेशींहून मागणी येऊ लागली. कसलेला परीक्षक तासाला सुमारे १,००० पिल्ले पाहतो आणि शंभरांत क्वचित दोन चुकतो. काही जातींत तर पिसांच्या वाढीवरून किंवा रंगावरूनच नर-मादी ओळखता येते. तरीही पुष्कळ विक्रेते शंभरांत ९० तलंगांचीच हमी देतात, आणि उरलेल्यांचे सत्य काही महिन्यांनी कोंबडा आरवल्यावर गिऱ्हाइकास कळते.

परंतु आमच्या मते पाटीवरील खरी उणीव ही नव्हे. उबवणीत नर व मादी जवळजवळ निम्मे-निम्मे निघतात. एका टोपात ५० तलंगा असतील, तर त्यांचे ५० भाऊ कोठे गेले? अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसणे परवडत नाही. म्हणून बहुतेक पहिल्याच दिवशी वायूने किंवा यंत्रात घालून मारले जातात. काही केवळ वाटेत ऊब राहावी म्हणून खोक्यात भरले जातात. जगात दरवर्षी अशी सुमारे ७०० कोटी नर पिल्ले मारली जातात, असा अंदाज आहे. त्यांचा उल्लेख कोणत्याही पाटीवर नसतो. तो तलंगेच्या भावात मुकाट मिसळलेला असतो.

या प्रथेस आळा घालता येतो, हेही सिद्ध झाले आहे. केवळ आर्थिक हित हे जीव घेण्यास पुरेसे कारण नव्हे, असा अभिप्राय जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०१९मध्ये दिला. तेथे वर्षाला सुमारे साडेचार कोटी नर पिल्ले मारली जात. १ जानेवारी २०२२पासून कायद्याने ते बंद झाले. फ्रान्सनेही तोच मार्ग धरला. २१ दिवसांची उबवण पुरी होण्यापूर्वीच कवचातून प्रकाश सोडून किंवा अंड्यातील द्रवाचा थेंब तपासून नर-मादी ओळखणारी यंत्रे आता चालू आहेत. यात नर अंडे बाजूला काढले जाते, म्हणजे हिंसा पूर्णपणे टळते असे आम्ही म्हणणार नाही; परंतु जन्मलेल्या जीवाची वेदना टळते.

यात आपला संबंध काय? इंदूरच्या सोयापेंडीचे आणि बेळगाव भागातील मक्याचे मोठे गिऱ्हाईक कोंबड्यांचे खाद्य हेच आहे. म्हणजे या धंद्याच्या एका टोकास आपल्यापैकी कित्येकांची पेढी उभी आहे. तसेच जत्रेत मुलांसाठी जी रंगवलेली पिल्ले मिळतात, ती बहुधा अंड्यांच्या धंद्यातील हीच नकोशी नर पिल्ले असतात. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध हा स्वतंत्र सांगितला आहे, तर अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि नकली मालाचा व्यवहार. पिल्लांच्या त्या एका टोपात हे दोन्ही अतिचार एकत्र भेटतात.

आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु विकलेल्या मालाइतकाच टाकून दिलेल्या मालाचाही हिशेब व्यापाऱ्याकडे असावा. खाद्याचा सौदा करणाऱ्या सभासदांनी नर पिल्लांचे काय होते हे आपल्या गिऱ्हाइकास सौजन्याने विचारावे, आणि घरोघरी मुलांच्या हाती रंगवलेले पिल्लू खेळणे म्हणून देऊ नये. एवढे घडले तरी आमच्या या लिहिण्याचे चीज झाले, असे आम्ही समजू.