मध : गुण आणि पथ्य

गेल्या वैशाखात आमच्या ताईला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली त्याच संध्याकाळी आजीने देवळीतली मधाची बाटली काढली, सोन्याचे वळे धुऊन पुसून घेतले आणि बाळाच्या जिभेला मध लावायला ती पाटावर बसली. निघताना डॉक्टरीणबाईंनी मात्र ताईला बजावले होते, की वर्षाच्या आत बाळाला मधाचे बोटसुद्धा लावायचे नाही. ताईने तसे सांगताच आजी म्हणाली, "मध काय इख हाय व्हय? तुझा बा ह्याच मधावर वाढलाय."

ताईने बाळाला छातीशी धरले. आई काहीच बोलेना. आणि "तू कॉलेजात शिकतीस, तूच सांग," म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी शिकते मराठी वाङ्मय! "आजी, दोन दिवस थांब, विचारून सांगते," एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या दोन दिवसांत सुरू झालेले वाचन पुढे सहा महिने चालले. त्यातले थोडे येथे सांगते.

आमचे मूळ गाव जावळी खोऱ्यातले. आजोबांच्या सातेरी माशांच्या आठ पेट्या होत्या. आग्या माशीचे पोळे कड्याकपारीला किंवा उंच झाडाला, उघड्यावर लटकते. तिला पेटीत ठेवता येत नाही. सातेरी मात्र ढोलीत, अंधारात राहणारी, म्हणून ती पेटीत नांदते. मधयंत्रात चौकटी फिरवल्या, की पोळे न मोडता मध निघतो आणि रिकामी चौकट पुन्हा पेटीत ठेवता येते. महाबळेश्वर-जावळीच्या रानात हिरडा, जांभूळ, गेळा अशी झाडे आहेत आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवीही आहे. म्हणूनच तेथे हा व्यवसाय रुजला. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

फुलातला मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माशी तो पोटातल्या पिशवीतून आणते, त्यात आपले पाचक रस मिसळते आणि त्यातल्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग पाडते. मग पोळ्यात रात्रंदिवस पंखांनी वारा घालून माश्या त्यातले पाणी आटवतात. पाणी शेकडा वीसच्या आसपास आले, की मेणाचे झाकण लावून कप्पा बंद! अशा मधात साखर इतकी दाट असते, की एखादा जंतू त्यात पडलाच तर त्याच्याच अंगातले पाणी मध ओढून घेतो. त्यातच मध आम्लधर्मी; शिवाय तो थोडा पातळ झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मध वर्षानुवर्षे टिकतो तो यामुळे.

जखमेवर आणि भाजल्यावर मध लावण्याची जुनी चाल आहे, तिचेही मूळ येथेच आहे. आता तर रुग्णालयांतून मधाच्या तयार पट्ट्या वापरतात. मात्र तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. चुलीवर बोट भाजले तर प्रथम गार पाण्याची धार धरावी. बाटलीतला मध मोठ्या जखमेवर थापू नये. खोकल्याचे म्हणाल, तर आजीचे आल्याचा रस आणि मधाचे चाटण आधुनिक डॉक्टरांनाही मान्य आहे. घसा ओलसर राहतो आणि रात्रीची ढास कमी होते. आयुर्वेदाने मधाला योगवाही म्हटले, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचा गुण वाढवणारा. सुश्रुताने तर मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत.

आहार म्हणून मात्र मधाचे जरा जास्तच कौतुक होते, असे माझे मत झाले आहे. शंभर ग्रॅम मधातून सुमारे तीनशे कॅलरी मिळतात, साखरेतून चारशेच्या जवळपास. हा फरक मुख्यतः मधातल्या पाण्याचा! जीवनसत्त्वे आणि क्षार असतात, पण नावापुरते. आमच्या काकांना मधुमेह आहे. त्यांनी साखर सोडून चहात दोन चमचे मध घालायला सुरुवात केली आणि वर पथ्य पाळल्याचे समाधान! रक्ताला ती साखरच. चवीसाठी मध खावा, भाकरीबरोबर खावा, पण औषध समजून वाटीभर खाऊ नये.

सौंदर्यप्रसाधनाविषयी मैत्रिणी विचारतील म्हणून लिहिते. मध हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे थंडीत फुटलेल्या ओठांना किंवा कोरड्या चेहऱ्याला सायीत कालवून लावला तर त्वचा मऊ राहते. रंग उजळतो वगैरे काही नाही. आणि मध लागला की केस पांढरे होतात, ही आमच्या वसतिगृहातली भीतीही निराधार आहे.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. मधात जंतू वाढत नाहीत हे खरे, पण मरतातच असे नाही. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू असतो. त्याची बीजे कठीण कवचाची. ती कधीकधी मधात येतात आणि निपचित पडून राहतात. घरी उकळूनही ती मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची वस्ती असते, तेथे या बीजांना थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाचे आतडे म्हणजे मोकळे रान! तेथे बीज रुजते आणि विष तयार होते. प्रथम बाळाला शौचाला होत नाही, मग दूध ओढण्याची ताकद कमी होते, रडणे क्षीण होते, मान आणि हातपाय लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही थकू शकतात. हा आजार १९७६ साली प्रथम ओळखला गेला. त्यापूर्वी एखादे मूल असे गेले, तर घरची माणसे काय म्हणत असतील, याची कल्पना करवत नाही.

हे मी आजीला सांगितले, अर्थात तिच्या भाषेत. "बाबा वाढले, खरं आहे. प्रत्येक मधात ते बी नसतं. पण ह्या बाटलीत नाही, हे कोण सांगणार?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आन् गुटी?" बाळगुटीही आमच्याकडे मधातच उगाळतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, हे डॉक्टरीणबाईंचे दुसरे वाक्य मी सांगितले. आजीने सहाण उचलून आत नेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. चिठ्ठीवर पुढच्या वैशाखातली बाळाच्या वाढदिवसाची तारीख लिहायला लावली आणि ती बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधली.

पौषातल्या थंडीत बाटलीतला मध रवाळ झाला. चुलतभाऊ म्हणाला, "साखर घातलेली दिसते." वास्तविक ग्लुकोजचे कण गोठले, की अस्सल मधही रवाळ होतो, त्यावरून भेसळ ठरत नाही. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवूनही ती ठरत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. आजीला यातले काही सांगावे लागले नाही. तिने कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवली, मध पुन्हा पातळ झाला, आणि चिठ्ठी भिजू नये म्हणून तेवढा वेळ सोडून ठेवलेली तिने परत बांधली.