कुर्ल्यात बनलेल्या गाडीचा मूळ रंग

जुन्या गाडीला तिचा मूळ रंग परत द्यायचा तर तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: रंगाची छटा, रंगाची जात आणि त्याची चकाकी. बहुतेक मालक पहिल्या गोष्टीपाशी थांबतात. छटा जुळली की काम झाले असे त्यांना वाटते. पण १९७५ सालच्या गाडीवर आजचा काचेसारखा चकाकणारा क्लिअरकोट चढवला, तर छटा अचूक असूनही जाणकाराच्या नजरेला ती गाडी परकी वाटते.

अमेरिकेतल्या मसल कारच्या मालकांना निदान छटेचा शोध फारसा घ्यावा लागत नाही. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून १९७० च्या डॉज चॅलेंजरपर्यंतच्या बहुतेक गाड्यांवर कारखान्याने बसवलेली माहितीपट्टी असते आणि तिच्यावर रंगाचा संकेतांक कोरलेला असतो. क्रायस्लरच्या गाड्यांत ही पट्टी बॉनेटखाली, आतल्या फेंडरवर असते. १९७० सालच्या पट्टीवर एफसी७ असेल तर गाडी जांभळी होती. तोच जांभळा डॉजने ‘प्लम क्रेझी’ म्हणून विकला आणि प्लिमथने ‘इन-व्हायोलेट’ म्हणून. गाडीवर नंतर कितीही थर चढले, तरी पट्टी वाचली की मूळ रंग कळतो. इटलीत बनलेल्या त्या काळच्या अनेक फियाटींच्या डिकीच्या झाकणाखालीही रंगाची माहिती देणारा कागद चिकटवलेला असे.

त्याच क्रायस्लर आणि फियाट या कंपन्यांशी नाते असलेला कारखाना महाराष्ट्रात होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी झाली, पुढे फियाटशी करार होऊन ११०० ही गाडी बनू लागली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चार दरवाजे. शतक पालटताना तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण त्यानंतरही वीसेक वर्षे टिकले. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून हटली.

खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत, आणि त्यांतल्या काही मालकांबरोबर गावे बदलत बदलत बेंगळुरूला पोहोचल्या. शहराच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर, कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर, केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी केली. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे आज या परिसरात राहतात. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, गावाकडे शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी येथे आणून पुन्हा चालती करायची ही इच्छा समजण्यासारखी आहे. इंजिनाचे भाग जे. सी. रोडवर किंवा शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात शोधता येतात. रंग तसा शोधून मिळत नाही, तो गाडीवरूनच वाचावा लागतो.

वाचनाची सुरुवात आरसी बुकापासून करावी. त्यात रंगाचा रकाना असतो. ‘क्रीम’, ‘ग्रे’ किंवा ‘ग्रीन’ एवढाच शब्द लिहिलेला असल्याने नेमकी छटा कळत नाही, पण आज पांढऱ्या दिसणाऱ्या गाडीच्या कागदावर ‘ग्रीन’ असेल तर शोधाची दिशा ठरते. लग्नातले, सहलीतले रंगीत फोटोही उपयोगी पडतात, मात्र तेवढ्यापुरतेच. जुन्या फोटोंचे रंग स्वतःच उडालेले असतात. फोटो समोर धरून छटा बनवायला सांगणे ही हमखास फसण्याची वाट आहे.

खरा पुरावा गाडीच्या अंगावर, सहसा कोणी रंगवायला जात नाही अशा जागी असतो. कारखान्यात बॉडी रंगवली जाते तेव्हा ती उघडी असते. काचा, रबर, सीट, वायरिंग, दरवाजांची अस्तरे हे सगळे नंतर बसते. म्हणून पहिला रंग या वस्तूंच्या आड शिल्लक राहतो: दरवाजाच्या आतल्या पॅनेलमागे, डॅशबोर्डच्या पोटात, सीटच्या रुळांखाली, डिकीतल्या मॅटखाली, काचेच्या रबराच्या खोबणीत. उलट गल्लीतल्या गॅरेजमध्ये नंतर झालेल्या रंगकामात रबर न काढता त्यावर चिकटपट्टी लावलेली असते. रबराची कड नखाने उचलून पाहिली की तेथे दोन रंगांमधली सरळ रेघ दिसते. ही रेघ दिसली, म्हणजे वरचा रंग कारखान्याचा नाही.

बाहेरच्या पत्र्यावरचे थर वाचण्याची पद्धत सोपी पण संयमाची आहे. मडगार्डवर, जेथे फार डेंटिंग झालेले नाही अशा जागी, पाण्यात भिजवलेला बारीक वॉटर पेपर गोलाकार फिरवत राहायचे. मध्यभागी पत्रा उघडा पडतो आणि भोवती एकात एक कडी तयार होतात. सर्वांत आतले कडे प्रायमरचे, त्याला लागून असलेला रंग पहिला, त्यानंतर पुन्हा सरफेसरचा राखाडी पट्टा, मग दुसरा रंग, असे बाहेरपर्यंत. गाडी किती वेळा रंगली, कधी लांबी (पुट्टी) भरली गेली, हे तेथे दिसते. मायक्रॉनमध्ये जाडी मोजणारे गेज असेल तर आणखी खात्री होते. कारखान्याच्या रंगाची सगळी जाडी साधारण ७० ते १५० मायक्रॉन भरते. आकडा हजाराच्या वर गेला तर खाली लांबीच लांबी आहे असे समजावे.

रंगाची जात ओळखण्यासाठी आडोशाच्या जागी थिनरमध्ये बुडवलेला कापूस थोडा वेळ टेकवतात. नायट्रोसेल्युलोज किंवा अॅक्रिलिक लॅकर असेल तर रंग विरघळून कापसावर येतो. भट्टीत भाजलेले एनॅमल फार तर मऊ पडते. हार्डनर घालून मारलेला आजचा टू-के रंग जवळजवळ तसाच राहतो. लॅकरमुळे मोटार उद्योगाचे रूप बदलले होते. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, जनरल मोटर्सने ड्यूपॉंचा ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर ओकलंड गाडीवर वापरला आणि रंगीत गाड्या भराभर बनवणे शक्य झाले. आपल्याकडच्या गॅरेजांत आजही गाडीच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात.

छटेचे मोजमाप आता यंत्राने होते. रंग मिसळून देणाऱ्या मोठ्या दुकानांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. रुपयाच्या नाण्याएवढी स्वच्छ जागा त्याला पुरते. पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा किती आहे हे तो मोजतो आणि संगणक मिश्रणाचे सूत्र देतो. साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या रंगाला एका कोनातले मोजमाप चालते. मेटॅलिकला अनेक कोन लागतात. मोजण्याआधी उन्हाने पांढुरका झालेला थर रबिंग कंपाउंडने हलकेच काढायलाच हवा, नाहीतर यंत्र मूळ रंगाऐवजी त्याच्या झिजेचे माप देते.

येथे दोन खाचखळगे आहेत आणि ते फार थोड्या रंगाऱ्यांना माहीत असतात. पहिला क्रीम आणि पांढऱ्या गाड्यांचा. तेलावर आधारलेला अल्किड रंग उन्हात फिका होतो, पण अंधारात वर्षानुवर्षे राहिला तर पिवळसर पडतो. म्हणजे मॅटखाली सापडलेला क्रीम मूळच्यापेक्षा पिवळा असू शकतो आणि छतावरचा मूळच्यापेक्षा फिका. अशा गाडीवर तीन-चार जागी मोजावे. अंधारातला तुकडा काही दिवस उजेडात ठेवून पुन्हा मोजला तर पिवळेपणा काही अंशी उतरतो आणि खऱ्या छटेच्या जवळ जाता येते. दुसरा खळगा पिवळ्या आणि लाल रंगांचा. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाची क्रोमेट रंगद्रव्ये सर्रास असत. आजच्या मिश्रणात त्यांच्या जागी सेंद्रिय रंगद्रव्ये येतात. ती भर उन्हात जुळतात आणि बेसमेंट पार्किंगच्या दिव्याखाली वेगळी दिसतात. त्यामुळे नमुन्याची पट्टी दुपारच्या उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली अशी तिन्ही ठिकाणी गाडीशेजारी धरून पाहिल्याशिवाय मिश्रणाला होकार देऊ नये.

शिशामुळे जुना रंग कोरडा घासणे धोक्याचे आहे. पाणी लावून घासावे, चांगला मास्क वापरावा आणि खाली साचलेला गाळ गटारात सोडू नये. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतात, त्यामुळे गन मारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. कापडी रुमाल नाकाला बांधून बूथमध्ये उभा असलेला कारागीर दिसला, तर मालकाने काम थांबवून आधी मास्क आणावा.

पत्र्याचे काम रंगाआधीचे, आणि पद्मिनीत ते नाजूक आहे. तिला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत दाराखालचे सिल, फ्लोअर आणि दारांचा तळ आधी गंजतो. सिलवर लांबी भरून वरून रंग मारणे म्हणजे गाडीचा कणा पोकळ ठेवणे आहे. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, मग इपॉक्सी प्रायमर, सरफेसर, ब्लॉकवर धरलेल्या पेपरने घासाई आणि शेवटी रंग, या क्रमाला पर्याय नाही. बेंगळुरूच्या पावसाळ्यात लॅकर मारला तर आणखी एक अडचण येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि रंगावर दुधाळ पडदा येतो. मंद उडणारा थिनर वापरून किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहून ते टाळता येते.

साध्या रंगाच्या पद्मिनीला क्लिअरकोट देऊ नये. सिंगल-स्टेज टू-के रंगाचे दोन-तीन हात आणि हलके पॉलिश एवढ्याने मूळच्या जवळची, जरा मऊ चकाकी मिळते आणि टिकाऊपणाही आजचा राहतो. बॉनेटखाली, डिकीत आणि दारांच्या कडांवर तोच रंग गेला पाहिजे. बाहेरून रंगवलेली पण आत जुनी राहिलेली गाडी पहिल्यांदा दार उघडताच ओळखू येते.

टॅक्सी म्हणून आयुष्य घालवलेल्या गाडीचा मूळ रंग कोणता, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही. तिचा काळा-पिवळा हाही तिचा इतिहासच आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोख जतनाला दुरुस्तीपेक्षा अग्रक्रम देण्याकडे आहे आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवण्याचा आग्रह ती धरते. त्या दृष्टीने पाहता, ज्या गाडीचा कारखान्यातला रंग विटला तरी बराचसा शाबूत आहे, तिला खरवडून नवी करण्यापेक्षा स्वच्छ करून तशीच राखणे अधिक योग्य. नव्याने रंगवलेल्या पद्मिन्या कितीही करता येतील. कारखान्याच्या मूळ रंगातल्या आता नव्याने होणार नाहीत.

कागदपत्रांची बाजूही पाहावी लागते. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवायची तर एनओसी आणून तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. इलेक्ट्रॉनिक सिटीचा क्रमांक केए-५१. आज कोणतीही पद्मिनी पंधरा वर्षांच्या पुढेच असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी फिटनेस तपासणी येते. रंग बदलला असेल तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. तिच्या नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पद्मिनी या नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ पासून या वयात येऊ लागल्या आहेत.

ज्यांच्याकडे अजून न रंगवलेली किंवा अर्धवट मूळ रंगाची पद्मिनी आहे, त्यांनी ती गॅरेजच्या ताब्यात देण्याआधी डिकीतल्या आणि डॅशबोर्डखालच्या रंगाचे रीडिंग घेऊन ठेवावे, मिश्रणाचे सूत्र आरसीच्या फायलीत लावावे आणि गाडीतली तळहाताएवढी एक जागा कधीही न घासता, न रंगवता सोडून द्यावी.