सोयाबीनचा भाव जिनिव्हात ठरत नाही

पिंगळीतलं हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भज्यांची कढई. 2024च्या दिवाळीआधी तिथे बसलो होतो. शेजारी एक मामा, नुकतेच परभणीच्या मोंढ्यातून आलेले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. भाव 4,150. त्या हंगामाचा हमीभाव 4,892. ओलाव्यापायी क्विंटलमागे जी कात्री लागली ती वेगळीच.

"सर, भाव आता हितं ठरतच नाई," मामा म्हणाले. "ते डब्ल्यूटीओवाले ठरवतेत. सरकारचे हात बांधलेलेत."

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

हे वाक्य मी आडत्याच्या गादीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा व्यासपीठावरून, माइकवरूनही ऐकलंय. मामांचा राग येत नाही. माइकवाल्याचा येतो, कारण दोरी किती लांब आहे आणि तिचं टोक कुणाच्या हातात आहे, हे त्याला माहीत असतं. "हात बांधलेत" म्हटलं की हात दाखवायची वेळच येत नाही.

तर सावकाश घेऊ. जागतिक व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, 1 जानेवारी 1995 रोजी सुरू झाली. मुख्यालय जिनिव्हात, सदस्य 166, आणि कर्मचारी आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या साखर कारखान्यात असतील साधारण तेवढेच. ही संघटना कुठल्याही मालाचा भाव ठरवत नाही. तसा तिला अधिकारच नाही. देशांनी एकमेकांशी केलेले करार तिथे ठेवलेले असतात. त्यात एक आकडा असा असतो: अमुक मालावर आयात शुल्क जास्तीत जास्त इतकं लावू, त्यापुढे जाणार नाही. ही झाली कमाल मर्यादा. तिच्या खाली किती लावायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सोयाबीनच्या तेलावर भारताची ही मर्यादा 45 टक्के आहे. पामतेलावर तर 300 टक्के! आता आपण प्रत्यक्षात काय केलं ते बघा. 2021च्या सुरुवातीला कच्च्या सोयातेलावरचं शुल्क अधिभारासकट साडेअडतीस टक्के होतं. ऑक्टोबर 2021पर्यंत ते साडेपाचवर आलं. 14 सप्टेंबर 2024 रोजी साडेसत्तावीस झालं. 2025च्या मेअखेरीस पुन्हा साडेसोळा. मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेल अडकलं, तेव्हा मे 2022मध्ये वर्षाला 20 लाख टन सोयातेल आणि तेवढंच सूर्यफूल तेल बिनशुल्क आणायची परवानगीही देऊन झाली. प्रत्येक आकडा साडेचा, आणि साडेसाती मात्र शेतकऱ्याला. एवढ्या खालीवर होण्यात जिनिव्हात कुणी कागदसुद्धा हलवला नाही. सगळ्या अधिसूचना दिल्लीतून निघाल्या.

रस्त्याकडेला वेगमर्यादेची पाटी 45ची असावी, ड्रायव्हरनं गाडी पाचच्या वेगानं हाकावी आणि उशीर झाला की पाटीला शिव्या घालाव्यात, तसं हे झालं.

ऑगस्ट 2021 आठवतो? मराठवाड्यातल्या मोंढ्यांत सोयाबीन दहा हजारांच्या आसपास खेळत होतं. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्रानं जनुकीय सोयाबीनची 12 लाख टन पेंड आणायला मुभा दिली. जो देश असलं सोयाबीन पेरू देत नाही, त्यानं त्याची पेंड आत घेतली. त्याच वर्षी 20 डिसेंबरला सेबीनं सात शेतमालांचे वायदे बंद केले. त्यात सोयाबीनही होतं. ओलाव्याची 12 टक्क्यांची अटही आपल्याच खरेदी यंत्रणेची. ती नोव्हेंबर 2024मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली. मतदान काही जिनिव्हात नव्हतं.

शुल्क दिल्लीच्याच हातात आहे, हे त्या दिवशी हॉटेलात सांगितलं तेव्हा बाकड्यावरचा एक पोरगा खुश झाला. "म्हणजे शुल्क वाढवलं की भाव वाढला!" हा दुसरा गैरसमज, पहिल्याचाच धाकटा भाऊ. सप्टेंबर 2024मध्ये शुल्क एका दिवसात साडेपाचवरून साडेसत्तावीसवर गेलं होतं. तरी मामांची पट्टी 4,150चीच आली. का?

कारण सोयाबीन ही नुसती तेलबी नाही. क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं 18 किलोच्या आसपास, आणि पेंड 80 किलो. बंदरात उतरलेलं कच्चं तेल किलोला 95 रुपये धरा. शुल्क साडेसत्तावीसवरून साडेसोळावर आलं तर किलोमागे दहा-साडेदहा रुपये, म्हणजे क्विंटल सोयाबीनमागे 180-190 रुपये उतरतात. पण पेंड किलोला पाचच रुपयांनी पडली की 400 रुपये गेले. आणि पेंड पडण्याची कारणं दोन बाजूंनी आली. ब्राझीलमध्ये अफाट पीक: तिथे वर्षाला सुमारे 17 कोटी टन सोयाबीन होतं, आपल्याकडे सव्वा कोटीच्या आसपास. दुसरं कारण घरचंच. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीची जागा खाऊ लागला. म्हणजे परभणीच्या सोयाबीनचा भाव पाडण्यात पेट्रोल पंपाचाही हात आहे.

त्या पोरानं मग मोबाइलवर शिकागोचा दर काढला. हजाराच्या आसपासचा आकडा होता. "हे बघा, तिकडं तर क्विंटल हजार रुपयेच!" व्हॉट्सअ‍ॅपवर हा आकडा असाच फिरतो, म्हणून सांगतो: शिकागोचा दर सेंटमध्ये आणि बुशेलला असतो. बुशेल हे आपल्या पायलीसारखं जुनं मापच, सोयाबीनला 27.2 किलो. हजार सेंट म्हणजे दहा डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर क्विंटलला साधारण 3,100 रुपये. आपल्या हमीभावाच्या पुष्कळ खाली. तेव्हा "सीमा सताड उघडा, बाजार बघून घेईल" म्हणणाऱ्यांनीही हा गुणाकार एकदा करून पाहावा.

आता दोरीबद्दल. दोरी आहेच, नाही म्हणत नाही. 1994च्या कृषी करारानुसार आपल्यासारख्या देशाला हमीभावाची मदत एका पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच देता येते. ही मदत मोजायची कशी? तर आजचा हमीभाव घ्यायचा आणि त्यातून 1986 ते 88चा जागतिक भाव वजा करून फरक काढायचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या पायलीनं आजचं खळं मोजायचं! ही अट खरोखर जाचक आहे आणि भारत तिच्याशी वर्षानुवर्षं भांडतोय. 2013च्या बाली परिषदेत अन्नसाठ्याच्या खरेदीपुरतं अभय मिळालं. तांदळात मर्यादा ओलांडली तेव्हा भारतानं 2018-19च्या हंगामासाठी ते वापरलंही. सोयाबीन आणि कापूस मात्र त्या अभयाच्या छत्रीखाली येत नाहीत.

पण दोरी किती आवळली गेली? नोव्हेंबर 2018मध्ये अमेरिकेनं जिनिव्हात कागद टाकला की भारत कापसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. लगेच पुढच्या, 2019-20च्या हंगामात आपल्या कापूस महामंडळानं, सीसीआयनं, हमीभावानं एक कोटीहून अधिक गाठी खरेदी केल्या. कुणी हात धरला नाही. कापसात खरेदी होते आणि सोयाबीनच्या केंद्रावर बारदाना संपतो, तेव्हा कारण आंतरराष्ट्रीय नसतं, मामा. बारदाना जिनिव्हाहून येत नाही.

उलट दोरीनं ज्याला बांधायला हवं होतं, तो सुटलाय. हीच या विषयातली खरी चिंतेची गोष्ट, आणि तिच्याबद्दल हॉटेलात कुणी बोलत नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते, त्यानं जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलनं 2002मध्ये केली. ब्राझील जिंकला. 2005मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेनं पुढे अनुदानं पुरती थांबवली नाहीत, पण ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि 2014मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवलं. बुर्किना फासो, माली, चाड, बेनिन या कापसावर जगणाऱ्या देशांनी 2003पासून हेच गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू कापूसवाल्याचं दुःख त्यांच्याशी जास्त जुळतं, ब्राझीलशी नाही.

तरी तेव्हा न्यायालय तरी होतं. जिनिव्हाच्या अपील मंडळात सात पंच असतात. एका खटल्याला तीन लागतात. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या. हे ओबामांच्या काळात सुरू झालं, ट्रम्प यांनी पुढे रेटलं आणि बायडेन यांनीही बदललं नाही. 11 डिसेंबर 2019पासून तीन पंच उरले नाहीत. नोव्हेंबर 2020अखेर शेवटच्याचीही मुदत संपली. तेव्हापासून हरलेल्यानं अपील केलं की ते ऐकायला कुणी नसल्यामुळे निकाल तसाच टांगून राहतो. आपणही हे केलंय बरं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं आपल्या उसाच्या एफआरपीवर, म्हणजे किमान दरावर, आणि साखरेच्या निर्यात अनुदानावर तक्रार केली, डिसेंबर 2021मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला, आणि आपण रिकाम्या खुर्च्यांपुढे अपील दाखल करून मोकळे झालो. ऊसवाल्यांना ते सोयीचं पडलं.

हिशेब उलटा फिरला तो ऑगस्ट 2025मध्ये. अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. सगळ्या सदस्यांना सारखी वागणूक द्यायची, हा डब्ल्यूटीओचा पहिला नियम त्यानं धाब्यावर बसला. तक्रार करून निकाल मिळवला, तरी समोरचा अपिलात गेला की खुर्च्या रिकाम्याच. तिरुपूरच्या कापडवाल्यांना दिलासा म्हणून दिल्लीनं काय केलं? कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून शून्य केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. मानवत आणि सेलूच्या बाजारात नवा कापूस नेमका त्याच महिन्यांत येतो. वॉशिंग्टनचा तडाखा कुणी सोसायचा, हे वॉशिंग्टननं ठरवलं नव्हतं.

बाकीचे गैरसमज उभ्या उभ्या उरकतो.

"जागतिकीकरण 1991मध्ये आलं." पिंगळीवरून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकला गेला, आणि या भागाचा कापूस त्यावरून मुंबई बंदराच्या दिशेनं जाऊ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं 1861 ते 65मध्ये इकडच्या कापसाचा भाव भडकवला, तेव्हा तर हा रूळही नव्हता.

"डंकेलमुळे घरचं बियाणं ठेवणं गुन्हा झाला." डंकेल म्हणजे डब्ल्यूटीओच्या करारांचा मसुदा. आणि हे साफ खोटं. 2001च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचासुद्धा हक्क देतं. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 71 किंवा 612 घरी राखा, मेअखेरीस शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले की पेरा. पोलीस येत नाहीत.

"डब्ल्यूटीओ आणि जागतिक बँक एकच." नाही. बँकेत पैशाच्या प्रमाणात मत, इथे सर्वसंमती. एकट्या देशाला गाडी अडवता येते. भारतानंही अडवलीय.

"शेतकरी संघटनेचे शरद जोशी फसले, म्हणून डंकेलला हो म्हणाले." फसले नव्हते. इथला शेतकरी अनुदान खात नाही, उलट सरकार त्याचा भाव पाडून उणे अनुदान देतं, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि भारतानं जिनिव्हात दिलेल्या हिशेबातही अनेक पिकांचा आधार उणेच निघाला होता. त्यांना वाटलं होतं, करार झाला की दिल्लीचा हात सुटेल. तो कसा सुटला, ते वर साडेसाडेच्या आकड्यांत आलंच आहे.

त्या दिवशी हॉटेलात मामा बराच वेळ गप्प होते. पट्टीची घडी करून त्यांनी खिशात टाकली. "मंग तेलावरचं शुल्क आपलं सरकार वाढवू शकतंय तर."

"पंचेचाळीसपर्यंत. पामला तीनशेपर्यंत."

"मंग वाढवायचं की!"

हॉटेलवाला कढईपाशी उभा होता. पायाशी पामतेलाचा पंधरा किलोचा डबा, अर्धा रिकामा. त्यानं झारा कढईच्या काठावर आपटला. "आन् माझा डबा? मागल्या महिन्यात शुल्क वाढलं तर डबा एका आठवड्यात वर गेला. पुन्हा वाढवा, मंग प्लेट तिसाला पडंल. खाचाल का मामा?"

मामांनी आपल्या बशीतल्या भज्यांकडे पाहिलं. हॉटेलवाल्यानं दुसरा घाणा तेलात सोडला.