विजय आणि निर्णयाची योग्यता : गहुंजे येथील दोन क्रिकेट सामन्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कार्ले-भाजे येथील लेणी, लोहगड-विसापूर हे किल्ले आणि लोणावळ्याची थंड हवा यांसाठी परिचित असलेल्या मावळ तालुक्याला २०१२ पासून आणखी एक ओळख प्राप्त झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम त्या वर्षी सुरू झाले आणि आंतरराष्ट्रीय सामने तालुक्याच्या अंगणात आले. सामना संपला की प्रेक्षक घरी परततात. चर्चा मात्र संपत नाही. अमुक गोलंदाजाला का घेतले, तमुक निर्णय योग्य होता काय, यावर वाद रंगतात. संघाचा विजय झाला म्हणजे त्यामागील निर्णय योग्यच होता, असे समर्थक गृहीत धरतात. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात गहुंजे येथील दोन सामन्यांच्या आधारे केला आहे.

गोलंदाजीतील बदलाचे महत्त्व :

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात मुख्य पिचर थकला की त्याच्या जागी नवा पिचर आणला जातो. हे राखीव पिचर मैदानाच्या कडेला ज्या जागी सराव करतात तिला ‘बुलपेन’ म्हणतात. एकदा बाहेर गेलेला खेळाडू सामान्यतः त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे व्यवस्थापकाचा हा निर्णय समर्थकांच्या टीकेचा हमखास विषय ठरतो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेज संघाचे व्यवस्थापक केविन कॅश यांनी उत्तम मारा करीत असलेल्या ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर बाहेर काढले. संघ हरला आणि तो निर्णय पराभवाचे कारण म्हणून आजही सांगितला जातो.

क्रिकेटमध्ये असे राखीव गोलंदाज नसतात. कर्णधाराला आपल्या अकरा खेळाडूंमधूनच गोलंदाज निवडावे लागतात. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजास अधिकाधिक चार षटके टाकता येतात. म्हणून किमान पाच गोलंदाज आवश्यक ठरतात. अशा वेळी मध्यंतरात एक ताज्या दमाचा वेगवान गोलंदाज मिळणे हा मोठाच लाभ होय.

पहिला सामना : निवड यशस्वी, संघ पराभूत

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध गहुंजे येथे झालेल्या कसोटीत भारताने कुलदीप यादवऐवजी वॉशिंग्टन सुंदरला संधी दिली. सुंदर यापूर्वीची कसोटी मार्च २०२१ मध्ये खेळला होता. त्यामुळे या निवडीविषयी शंका व्यक्त झाल्या. प्रत्यक्षात त्याने पहिल्या डावात ५९ धावांत ७ आणि सामन्यात एकूण ११ बळी घेतले. तथापि मिचेल सँटनरने १३ बळी मिळविले, भारताचा पहिला डाव १५६ धावांत आटोपला आणि संघ ११३ धावांनी हरला. मायदेशातील सलग १८ मालिका विजयांची परंपराही खंडित झाली. गोलंदाजाच्या निवडीचे फलित अपेक्षेपेक्षा सरस होते. पण पराभवाच्या दुःखात त्या निवडीचे श्रेय झाकोळले गेले.

दुसरा सामना : संघ विजयी, निर्णय वादग्रस्त

३१ जानेवारी २०२५ रोजी त्याच मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील चौथा टी-२० सामना झाला. साकिब महमूदने एकाच निर्धाव षटकात तीन बळी घेतल्यानंतर शिवम दुबे आणि हार्दिक पंड्या यांनी प्रत्येकी ५३ धावा करून भारताला ९ बाद १८१ पर्यंत नेले. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तो फलंदाजी करीत राहिला आणि अखेरच्या चेंडूवर धावबाद झाला. मध्यंतरानंतर मात्र मेंदूच्या दुखापतीसाठीच्या नियमानुसार त्याच्या जागी हर्षित राणा आला. राणाने ३३ धावांत ३ बळी घेतले. इंग्लंडचा डाव १६६ धावांत संपला आणि भारत १५ धावांनी विजयी झाला.

इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने ही अदलाबदल समान स्वरूपाची नसल्याचा आक्षेप घेतला. दुबे हा प्रामुख्याने फलंदाज व कामचलाऊ मध्यमगती गोलंदाज, तर राणा हा पूर्णवेळ वेगवान गोलंदाज. उल्लेखनीय बाब अशी, की सुनील गावसकर आणि रविचंद्रन अश्विन या भारतीय खेळाडूंनीही या बदलावर जाहीर टीका केली.

नियमाचे स्वरूप :

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१९ मध्ये हा नियम लागू केला. बदली खेळाडू समान स्वरूपाचा असावा आणि त्यामुळे संघाला अवाजवी लाभ होऊ नये, हे त्याचे सूत्र आहे. समानता ठरविताना जखमी खेळाडूची उर्वरित सामन्यातील संभाव्य भूमिका विचारात घ्यावी, असेही त्यात नमूद आहे. निर्णय कर्णधाराचा नसून सामनाधिकाऱ्याचा असतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. विशेष म्हणजे बदली खेळाडूच्या सहभागावर अटी घालण्याचा अधिकारही सामनाधिकाऱ्याला आहे. अर्थात ‘पूर्ण मुभा’ आणि ‘पूर्ण नकार’ यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग उपलब्ध होता. वादात मात्र या मार्गाची चर्चा फारशी झाली नाही.

येथे दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मेंदूच्या दुखापतीची लक्षणे काही वेळाने प्रकट होऊ शकतात. खेळाडू खेळत राहिला म्हणून त्याला दुखापत झालीच नाही, असे निःसंशय म्हणता येत नाही. म्हणजे बदलीची गरज आणि बदली खेळाडूची निवड हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत होता कामा नये.

समर्थकांच्या प्रतिक्रियांमागील मानसशास्त्र :

या संदर्भात तीन अभ्यास उद्‌बोधक ठरतात. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांमध्ये झालेल्या फुटबॉल सामन्याची चित्रफीत हॅस्टॉर्फ व कँट्रिल यांनी दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखविली. डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना केवळ ४.३ दिसले. चित्रफीत एकच होती. पाहणारी दृष्टी वेगळी होती. १९७६ मध्ये चाल्डिनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणतात. हरल्यावर तो ‘आम्ही’ मागे पडतो. १९८८ मध्ये बॅरन व हर्शी यांनी सिद्ध केले, की एकच निर्णय, त्याचे फळ चांगले निघाले तर लोकांना अधिक शहाणपणाचा वाटतो.

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण याच प्रवृत्तीचे वर्णन करते. राणाला बळी मिळाले नसते, तर कदाचित हा वाद इतका पेटलाही नसता. याचा अर्थ असा, की समर्थक आणि आक्षेपक दोघेही निर्णयाचे मूल्य फलितावरूनच ठरवीत होते.

समारोप :

गणिताच्या उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर असले तरी रीत चुकीची असेल, तर परीक्षक पूर्ण गुण देत नाही. रीत बरोबर असून उत्तर चुकले, तर तो शून्यही देत नाही. क्रीडाविषयक निर्णयांनाही हाच न्याय लागू करावयास हवा. निर्णय घेताना कोणती माहिती उपलब्ध होती आणि नियमाचा हेतू काय होता, हे दोन निकष त्यासाठी पुरेसे आहेत. या निकषांवर सुंदरची निवड पराभवानंतरही समर्थनीय ठरते, तर राणाचा समावेश विजयानंतरही प्रश्नांकित राहतो.

२०२५ च्या मध्यापासून परिषदेने संघांना यष्टिरक्षक, फलंदाज, वेगवान गोलंदाज, फिरकी गोलंदाज व अष्टपैलू असे पाच संभाव्य बदली खेळाडू आधीच जाहीर करणे बंधनकारक केले. निकाल दिसण्यापूर्वीच निवड निश्चित करण्याचा हा उपाय स्वागतार्ह आहे. कारण येथे केवळ एका सामन्याचा प्रश्न नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची बदली ही संघाची चलाखी आहे, असा समज रूढ झाल्यास पुढचा खेळाडू वेदना लपवून खेळत राहील. ज्या नियमाने त्याचे रक्षण व्हावयाचे, त्याच नियमावरील अविश्वास त्याला महागात पडेल. विजयाचा आनंद साजरा करतानाही निर्णयाची निःपक्ष तपासणी करणे म्हणूनच समर्थकांचेही कर्तव्य ठरते.