पुरस्कार त्यांचे, चर्चा आमच्या घरची

आमची दोन घरं, एक जळगावला, एक धुळ्याला. मध्ये एरंडोल आणि पारोळा. सुट्ट्या लागल्या की एका घरची मंडळी दुसऱ्या घरी मुक्कामाला. हिवाळ्यात धुळ्याची मंडळी जळगावला आली की भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत ठरलेला. जेवणं आणि इशाची नमाज झाली की टीव्हीपुढे सतरंजी पडते.

दादीअम्मांना सिनेमा मुळीच पसंत नाही. "एवढ्या वेळात दोन पारे वाचून होतील," असं त्या म्हणतात. अनेक वाचकांच्या घरी हेच मत असेल आणि त्याचा आम्हाला आदर आहे. पण मोबाईल आता मुलांच्या हातात आहे. 'छोटू दादा'चे खानदेशी विनोद तर आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही पाठ आहेत. मुलांनी कोपऱ्यात बसून एकट्यानं काहीही पाहण्यापेक्षा मोठ्यांनी निवडावं आणि सगळ्यांनी मिळून पाहावं, असा तोडगा अब्बांनी काढला. दादीअम्मा तस्बीह घेऊन आतल्या खोलीत जातात. दार मात्र उघडं असतं.

यंदाचा वाद राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांवरून झाला. 2023 सालच्या चित्रपटांचे हे पुरस्कार 1 ऑगस्ट 2025 रोजी जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. मुलांनी टाळ्या पिटल्या. तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर शाहरुखला मिळालेला हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार. अम्मी मात्र म्हणाल्या, "द्यायचा होता तर 'स्वदेस'ला द्यायचा." आमचं मतही अम्मींच्या बाजूनं पडलं. 'जवान'मध्ये शाहरुख दिसतो, 'स्वदेस'मध्ये मोहन भार्गव दिसतो. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेल्या त्या सिनेमात हा एवढा मोठा नट गावकऱ्यांच्या घोळक्यात मिसळून गेला होता. त्या साली पुरस्कार 'हम तुम'साठी सैफ अली खानला गेला होता.

विक्रांत मॅसीबद्दल दोन मतं झाली नाहीत. आमचा एक भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पिठाच्या गिरणीत राबून अभ्यास करणारा मनोज पाहताना तो एक शब्द बोलला नाही. सिनेमा संपल्यावर उठून पुस्तकं काढून बसला. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे'साठी राणी मुखर्जीला मिळालेला पुरस्कारही घरातल्या बायकांना पटला. मुलं हिरावलेल्या आईचा आरडाओरडा काहींना जास्त वाटला. फुफी म्हणाल्या, "आईचा जीव जातो तेव्हा ती हळू आवाजात रडत नाही."

पण त्याच यादीत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार 'द केरला स्टोरी'साठी सुदीप्तो सेन यांना होता. ते नाव निघालं आणि कॉलेजात शिकणारी आमची धाकटी उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिनं दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तो सिनेमा लागला तेव्हा शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, "तुमच्यात खरंच असं करतात का गं?" मैत्रीण वाईट नव्हती. तिनं सहज विचारलं होतं. आमच्या मुलीला उत्तर सुचलं नाही आणि घरी सांगावंसंही वाटलं नाही. पुढे तिनं तो सिनेमा मोबाईलवर एकटीनं पाहिला.

अब्बा म्हणाले, "आम्ही पाहिला नाही, म्हणून आम्ही बोलत नाही. तू पाहिलास, तू बोल."

ती म्हणाली, "अदा शर्मानं काम चांगलं केलंय. त्याचाच जास्त त्रास झाला. नटीच्या डोळ्यांतलं पाणी खरं वाटलं की लोक बाकीचंही खरं मानतात. आणि आपल्या घरासारखं एकही घर त्यात मला दिसलं नाही."

बत्तीस हजार मुलींचा जो आकडा या सिनेमासोबत देशभर फिरला, त्याला अधिकृत आधार नाही आणि हे कथानक काल्पनिक रूपात मांडलेलं आहे, असा खुलासा सिनेमाच्या सुरुवातीला दाखवण्याचं निर्मात्यांना मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य करावं लागलं. खुलाशाची पाटी काही क्षणांची असते, आकडा मात्र डोक्यात घर करतो. एखाद्या मुलीची फसवणूक झाली असेल, तर तिची कहाणी सांगितलीच पाहिजे. पण एका कहाणीची सावली लाखो घरांवर पाडणं हा इन्साफ नाही. ही गोष्ट आमच्या मुलीनं दोन वर्षं एकटीनं मनात ठेवली, याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या रात्री सिनेमा तिनंच निवडला, रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. धुळ्याहून मालेगाव तासाभरावर. तिथल्या नासिर शेख यांनी दोस्तांना जमवून, तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' केला, त्याची ही कहाणी. यातला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा शफीक. खऱ्या शफीकला कॅन्सरनं 2011 मध्ये नेलं. पडद्यावर ही भूमिका शशांक अरोरानं केली आहे.

आमच्या फुफांचं अर्धं आयुष्य धुळ्याच्या मागांवर गेलं. ते म्हणाले, "हा पोरगा बोलतो कमी, पण हसतो आमच्यासारखा. दिवसभर खटखट ऐकून आलेला माणूस असाच बसतो." कुठल्याही ट्रॉफीपेक्षा ही पावती मोठी, असं आम्हाला वाटलं. या सिनेमातली मुसलमान माणसं भांडतात, रुसतात, उधारी करतात, मित्रासाठी धावून येतात. ती ना फरिश्ते आहेत ना शैतान. मध्येच आतून दादीअम्मांचा आवाज आला, "त्या शफीकचं काय झालं रे?"

तिसरी रात्र फुफींची. त्यांनी 1982 चा सागर सरहदींचा 'बाजार' लावायला सांगितला. स्मिता पाटील आपल्या खानदेशची लेक. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी तिला दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'बाजार'मध्ये ती नजमा आहे. आखातातून आलेल्या वयस्क, पैसेवाल्या माणसाला हैदराबादच्या एका गरीब घरातली कोवळी शबनम निकाहाच्या नावाखाली मिळवून देण्यात नजमाचाही हात लागतो. ते पाप उमगल्यानंतरचा स्मिताचा चेहरा पाहताना घरात कुणी हललं नाही.

हा आरसा आपल्याच माणसांपुढे धरलेला आहे. पण तो राग आला नाही, लाज वाटली, कारण इथं दुःख शबनमचं होतं आणि सिनेमा तिच्या बाजूनं उभा होता. निकाहात मुलीची रजामंदी ही शर्त आहे, रीत नव्हे, यावर मग उशिरापर्यंत बोलणं झालं. पुरस्कारानं घरात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर धाकटीनं त्या मैत्रिणीला घरी बोलावलं. भरीत खाऊन दोघींनी मालेगावचा सिनेमा पुन्हा पाहिला. मैत्रीण हसली, शेवटी रडली. जुना प्रश्न तिनं काढला नाही, आमच्या मुलीनंही काढला नाही. जाताना मैत्रिणीनं विचारलं, "मालेगाव इथून किती लांब गं?"

पुढच्या सुट्टीत आम्ही धुळ्याला जाणार आहोत. तेव्हा दोघींना मालेगाव दाखवून आणायचं फुफांनी कबूल केलं आहे, इन्शाअल्लाह.