नव्या संगणकावरचा जुना पेजमेकर

उमरगा हे धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे आणि कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा ठिकाणच्या डीटीपी केंद्राचे, म्हणजे मजकूर टाइप करून पानाची मांडणी लावून देणाऱ्या दुकानाचे, पोट लग्नपत्रिका, बिलबुके, यात्रेची पत्रके, प्रश्नपत्रिका आणि फ्लेक्स यांवर भरते. यांतील बरेचसे काम नव्याने करायचे नसते. जुनी फाइल उघडायची, नावे व तारीख बदलायची आणि प्रिंट द्यायची, एवढेच असते. त्यामुळे संगणक बदलण्याची वेळ आली की नवे यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा पंधरा-वीस वर्षांच्या फाइली त्यावर उघडतील की नाही, याचीच चिंता अधिक असते. विंडोज १० चे अधिकृत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते, म्हणून ही चिंता आता लांबणीवर टाकण्याजोगी राहिलेली नाही.

ज्या सॉफ्टवेअरांमध्ये या जुन्या फाइली बनल्या, त्यांतले प्रमुख पेजमेकर हे अमेरिकेतील सिएटलच्या आल्डस कंपनीने १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी काढले. कंपनीचे नाव व्हेनिसचा जुना मुद्रक आल्डस मानुशियस याच्यावरून ठेवलेले होते आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दप्रयोग रूढ करणारे पॉल ब्रेनर्ड हे तिचे संस्थापक होते. १९९४ मध्ये आल्डस अडोबीकडे गेली, १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन हे स्वतःचे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि २००१ ची सातवी आवृत्ती पेजमेकरची अखेरची ठरली. निर्मात्यानेच वाऱ्यावर सोडलेले हे सॉफ्टवेअर त्यानंतरही मराठी मुलखात वर्षानुवर्षे चालत राहिले, याचे खापर ऑपरेटरांच्या सवयीवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे कारण मराठी मजकूर त्या फाइलींत कसा साठवलेला आहे, यात सापडते. पेजमेकरला देवनागरी अशी ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी एका फॉन्टमध्ये २५६ घरे होती आणि त्या घरांत युरोपीय अक्षरे होती. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बंगळूरचे आकृती या लिपीच्या सॉफ्टवेअरांनी ती घरे देवनागरीच्या तुकड्यांनी भरली: अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार, नेहमीची जोडाक्षरे. प्रत्येकाची वाटणी निराळी असल्यामुळे श्रीलिपीतील मॅटरला आयएसएमचा सुरेख हा फॉन्ट लावला की ओळ वाचण्याजोगी राहत नाही. शिवाय हे तुकडे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवले जातात. ‘पत्रिका’ हा शब्द अशा फाइलीत प, वेलांटी, त्र, क, काना असा बसतो, तर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, तोच शब्द प, त, हलन्त, र, वेलांटी, क, काना असा उच्चाराच्या क्रमाने बसतो. रफाराची गत याच्या नेमकी उलट असते: ‘वर्मा’ लिहिताना जुन्या फाइलीत तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये मात्र ‘म’च्या आधी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची असूनही दहा वर्षांनी आलेल्या सातव्या पेजमेकरने तिची दखल घेतली नाही.

सॉफ्टवेअर चढवणे हा त्यामानाने सोपा भाग होय. सेटअपवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटीच्या पानावर विंडोज एक्सपी निवडले की विंडोज त्या प्रोग्रामपुरते आपण जुनेच असल्याचे सोंग घेते. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवावा लागतो, कारण त्या काळची सॉफ्टवेअरे आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि व्हिस्टापासून विंडोज त्याला आडकाठी करते. सेटअपच १६-बिटचा असेल तर मात्र ६४-बिट विंडोज त्याला दारातच उभे करत नाही आणि तेथे सोंगाचा उपयोग होत नाही. पेजमेकर पानाची जुळणी प्रिंटरच्या हिशेबाने करत असल्यामुळे संगणकावर एकही प्रिंटर बसवलेला नसेल तर अडून बसते, ही त्याची आणखी एक खोड. त्यासाठी एक पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर नावापुरता बसवून त्याचे तोंड फाइलकडे वळवतात आणि निघालेल्या फाइलीची डिस्टिलर या प्रोग्रामने पीडीएफ करतात. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे पानाचे वर्णन प्रिंटरला समजेल अशा रीतीने करणारी भाषा. एवढे सगळे जमल्यावरही मराठीच्या जागी भलतीच चिन्हे उमटली, तर विंडोजमधील युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठीची भाषा तपासावी. तेथे इंग्रजी बदलून दुसरे काही निवडलेले असले किंवा यूटीएफ-८ ची खूण झालेली असली की वरच्या १२८ घरांचा हिशेब चुकतो, आणि मराठीचे निम्मे तुकडे तर तिथेच असतात.

खरी अडचण लॉकची. लिपीची सॉफ्टवेअरे विकताना त्यांसोबत डोंगल, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचे छोटे कुलूप, दिले जाई. ते नसेल तर कीबोर्ड मराठी उमटवत नसे. सुरुवातीची डोंगले प्रिंटरच्या समांतर पोर्टाची होती आणि ते पोर्ट आजच्या यंत्रांवर बहुधा नसते. यूएसबीचे डोंगल बसते, पण त्याचा ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही, आणि उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नसेल तर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर हक्काच्या मालकालाच वापरता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने नव्या संगणकाच्या पोटात एक्सपीचा आभासी संगणक उभा करून यूएसबी डोंगल त्याच्या हवाली करणे, हा त्यावरचा बऱ्यापैकी भरवशाचा उपाय आहे. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ पासून बंद असल्याने त्या आभासी संगणकाला इंटरनेट देऊ नये.

सीमाभागात हा गुंता वाढतो. पलीकडे कर्नाटकातले आळंद आणि बसवकल्याण, अलीकडे मराठीबरोबर कन्नड आणि उर्दू. कन्नडसाठी नुडी किंवा बरह, उर्दूच्या नस्तलीक वळणासाठी इनपेज, आणि प्रत्येकाच्या जुन्या आवृत्तीची साठवण वेगळी. दोन-तीन लिप्यांची पत्रिका म्हणूनच अनेकदा कोरलड्रॉ या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणतात आणि कंट्रोल-क्यू दाबून अक्षरे ‘कर्व्ह’ करतात. त्यामुळे अक्षर हे अक्षर न राहता नुसती आकृती होते, तिला फॉन्ट लागत नाही आणि दुसऱ्या गावच्या प्रेसमध्येही फाइल बिनचूक छापली जाते. अशी फाइल दहा वर्षांनीही बहुधा उघडते. पण त्यातील मुहूर्ताची तारीख बदलायची झाल्यास ती पुसून नव्याने टाइप करण्यावाचून गत्यंतर नसते. कर्व्ह करण्यापूर्वीची प्रत वेगळी जपून ठेवणारे दुकान म्हणूनच शहाणे समजावे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, आणि इनडिझाइनला २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची जुळणी करता येते. कन्व्हर्टर वेलांटीचा क्रम बहुधा बरोबर लावतात. ते अडखळतात ते रफारासह आलेल्या जोडाक्षरांवर, ‘वाऱ्या’सारख्या शब्दांतील अर्ध्या र वर, आणि ऑपरेटरने दिसायला ठीक म्हणून भलत्याच तुकड्यांनी जुळवलेल्या अक्षरांवर. त्यामुळे बदललेल्या मजकुराचे प्रूफ ओळ न् ओळ वाचावेच लागते. पुस्तकाएवढ्या मजकुराला ते परवडते. एका पानाच्या पत्रिकेसाठी मात्र जुनी प्रिंट शेजारी ठेवून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणे लवकर उरकते, आणि पुढच्या खेपेला ती फाइल कोणत्याही संगणकावर लॉकशिवाय उघडते.